दोनशे चौदा, हाजिर

निहार, मागच्या महिन्यात तू फोनवर मला एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर दिलं नाही. तुझा जुना फोन पाण्यात पडला, नवा आणला, त्यात जुने सगळे फोटो आपोआप येऊन बसले. पण त्यांच्याबरोबर तू मुद्दाम पुसून टाकलेलेही काही आले. तू विचारलंस, "आजी, पुसलेलं परत कसं येतं?" तुझ्या आईला वाटलं, आजीला प्रश्न कळला नाही. प्रश्न मला चांगला कळला होता. तुझ्या आधी तीस-पस्तीस वर्षं तो मला पडला होता, आणि त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं.

आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत, तेव्हा उत्तर इथेच लिहिते. तू आणि तुझी बहीण अनया, आईकडून वाचून घ्या. भाषा अडली तर मला विचारा, पण गोष्ट शेवटपर्यंत ऐका. माझ्या फायलीतल्या एका ओळीवर एक अख्खं घर उभं होतं, आणि ते मला नऊ वर्षं ठाऊक नव्हतं.

भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या पुढे मँगनीजच्या खाणी आहेत. चिखल्याची मोठी, सगळ्यांना माहीत असलेली. आमची तिच्याहून खूप लहान; नाव सांगत नाही. तुमचे आजोबा खाणीच्या शाळेत गणित शिकवत. मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, टायपिंग येणारी, म्हणून मला टाइम ऑफिसात घेतलं. टाइम ऑफिस म्हणजे कोण कामावर आला, कोण नाही, कोण किती वाजता खाली उतरला आणि वर आला का, हे लिहिणारी कचेरी. "वर आला का" हा त्यातला महत्त्वाचा भाग.

खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला एक नंबर असे. तोच नंबर पितळी बिल्ल्यावर, तोच त्याच्या डोक्यावरच्या दिव्यावर, तोच लॅम्प रूममधल्या हुकावर. पाळी सुरू होताना हजेरी पुकारली जाई. माणूस "हाजिर" म्हणे, दिवा घेई, पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली जाई. पाळी संपली की दिवा परत हुकावर. एखादा हुक रिकामा राहिला तर तो माणूस अजून खाली आहे. हिशेब इतका साधा होता की त्यात चूक करायला जागा नव्हती.

लॅम्प रूम सांभाळायचे बावनथडे काका. बुटके, बॅटरीच्या तेजाबानं बोटं पिवळी पडलेली, तोंडात सदा सुपारी. खाली उतरणाऱ्या मुलांना ते दिव्याबरोबर एखादा टोमणाही देत. "सासऱ्यानं देल्ला नाही हा दिवा, नीट वापर." त्यांच्याकडे एक रीत होती, माझ्याही आधीपासूनची. खाणीत मेलेल्या माणसाचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. त्याचा हुक रिकामाच ठेवायचा. कोणत्याही नियमावलीत हे नव्हतं. पण एका साहेबानं एकदा असा नंबर नव्या माणसाला दिला, तर तो माणूस दिवा हातात घेऊन उभा राहिला आणि उतरलाच नाही.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मला तीन आठवडे नागपूरला शिकायला पाठवलं. परत आले आणि जुन्या बिल्ला-रजिस्टरातली नावं एकेक करून मशीनमध्ये भरली. त्या मशीनला मी शिस्तीची पोरगी समजत असे. त्यात ओळीचा क्रमांक तोच माणसाचा नंबर, अशी रचना होती. म्हणजे दोनशे तेरा आणि दोनशे पंधरा भरायचे तर मधली ओळही भरायला हवी. म्हणून मी मेलेल्यांचीही नावं टाइप केली आणि त्यांच्यावर खोडल्याची खूण केली.

इथे नीट लक्ष द्या, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मशीनमध्ये खोडणं म्हणजे पुसणं नव्हे. खोडलं की त्या ओळीपुढे एक छोटा तारा लागतो. ओळ तिथेच असते. आणि मशीनला एकदा सांगून ठेवावं लागतं की तारा लागलेल्यांना दाखवू नकोस. ती आज्ञा तीन इंग्रजी शब्दांची, एका वेगळ्या चिमुकल्या फायलीत. मशीन बसवून देणाऱ्या माणसानं ती लिहिली होती. खरोखर पुसून टाकण्याचीही सोय होती, पण ती वापरली असती तर खालच्या सगळ्या ओळी वर सरकल्या असत्या आणि जिवंत माणसांना शेजाऱ्याचे नंबर लागले असते. तेव्हा आमचे मेलेले मशीनमध्ये राहिले, डोळे मिटून.

दर शनिवारी मी सगळ्याची नक्कल सात फ्लॉप्यांवर उतरवून घेई. फ्लॉपी म्हणजे पोस्टकार्डाहून थोडी मोठी, काळी, लवचीक चकती. एक संच कचेरीच्या कपाटात, एक घरी चिन्नोर तांदळाच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये बांधून. घरात कोरडी जागा तेवढीच. आजोबा म्हणत, "नावं मुरत घालतेस का?"

मँगनीजची धूळ काळी आणि पिठाहून बारीक असते. एका पौषातल्या सकाळी मशीन खर्रर्र असा आवाज करून बंद पडलं ते पडलंच. साहेबांनी कंपनीच्या दुसऱ्या कचेरीतून दुसरं मशीन मागवलं. धूळ नको म्हणून ते ठेवायला एकच खोली सापडली, घट्ट खिडकीची, जाड दाराची. पूर्वी ती प्रथमोपचाराची खोली होती. अपघात झाला की माणसाला वर आणून आधी तिथे ठेवत. भिंतीला अजून गुडघ्याएवढ्या उंचीवर स्ट्रेचरची घासलेली रेघ होती. मी ती रेघ पाहिली आणि खुर्ची दुसऱ्या बाजूला ओढून घेतली.

एका मशीनवरची नक्कल दुसऱ्या मशीनवर उतरवणं हे बिऱ्हाड हलवण्यासारखं आहे. भांडीकुंडी, कपडे, देव, सगळं मोजून नेतो. पण जुन्या घरात कोणतं दार लावून घ्यायचं असतं ही सवय कोणत्याच पेटीत बांधलेली नसते. मी सात फ्लॉप्या ओळीनं घातल्या. प्रत्येकीला मशीन कुरकुर करत गिळे आणि पुढची मागे. शेवटी एकूण ओळींचा आकडा आला. फ्लॉपीच्या पाकिटावर मी लिहिलेला आकडा आणि तो तंतोतंत जुळला. मी निर्धास्त झाले. आकडा जुळला की सगळं बरोबर, ही माझी तोपर्यंतची श्रद्धा. मी यादी छापायला लावली, आणि प्रिंटर ओरडत असताना चहा प्यायला गेले.

आज्ञेची ती चिमुकली फाईल सात फ्लॉप्यांत नव्हती. मी फक्त नावांची नक्कल घेत आले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाळीला यादी घेऊन मी स्वतः गेले. नव्या मशीनची पहिली यादी, म्हणून. धुकं एवढं होतं की पिंजरा ओढणारा शाफ्टचा मनोरा अर्धाच दिसत होता. माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून उभी होती. हजेरी पुकारणारे जुने बाबू निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी बालाघाटहून बदलून आलेले तिवारीबाबू, येऊन आठवडाही न झालेले, कुणाला ओळखत नव्हते. त्यांनी माझ्याकडून यादी घेतली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

एकतीस नंबरला कुणी ओ दिली नाही. तिवारीबाबूंनी पुन्हा नाव घेतलं, गैरहजेरीची खूण केली. अठ्ठावन्नला पुन्हा तेच. मी यादीकडे नाही, माणसांकडे पाहत होते, म्हणून मला आधी एवढंच जाणवलं की खोकणं थांबलं आहे. थंडीतल्या पहाटे शंभर खाणकामगार उभे असताना खोकण्याचा आवाज सतत येतो, पाण्यासारखा. तो थांबला होता. एकशे दोनचं नाव पुकारलं तेव्हा मी पुढे निघाले, कारण ते नाव मला ओळखीचं होतं. तो गेल्यावर त्याच्या बायकोला पाठवलेलं पत्र मी टाइप केलं होतं.

मी जवळ पोचेपर्यंत तिवारीबाबू यादीत बरेच खाली गेले होते. "दोनशे तेरा, मारोती सोमा." "हाजिर." "दोनशे चौदा, बुधा झिंगर."

"हाजिर."

मागच्या रांगेतून. साधा, रोजच्यासारखा, किंचित बसका आवाज. बुधा झिंगर नऊ वर्षांपूर्वी छत कोसळून मेला होता.

कुणी मागे वळून पाहिलं नाही, हे मला नंतर फार आठवत राहिलं. मेलेला माणूस बोलला तर माणसं आवाजाकडे पाहतात, पळतात, देवाचं नाव घेतात. इथे शंभर माणसं समोर पाहत राहिली. लॅम्प रूममधून बावनथडे काका बाहेर आले, ओले हात तसेच यादीवर ठेवले आणि तिवारीबाबूंना म्हणाले, "बस. हे नावं घेऊ नका." मग माझ्याकडे पाहून, हळू आवाजात, "बाई, मेलेल्या मानसाले हाका नाही मारत. त्याईचा काही भरोसा नसते."

त्या दिवशी हजेरी यादीशिवाय, तोंडओळखीनंच घेतली गेली. दुपारपर्यंत वसाहतीत बातमी पसरली की कॉम्प्युटर मेलेल्यांना बोलावतो आणि ते येतात. दुपारची पाळी उतरलीच नाही.

मी त्या घट्ट खिडकीच्या खोलीत बसले आणि पडद्यावर फाईल उघडली. छापील यादीत तारा उमटत नाही, पडद्यावर दिसतो. हिरव्या अक्षरांत नावं वर सरकत होती आणि मधूनमधून एक तारा. प्रत्येक तारा मला आठवत होता. कोणाचा पाय पिंजऱ्यात अडकला, कोणावर दगड आला, कोणाची बायको कागदावर अंगठा देताना काय म्हणाली. मशीनची काहीच चूक नव्हती. त्यानं फक्त त्याला जे दिलं ते सगळं परत दिलं. मीच त्यांना एकेक करून आत बसवलं होतं, आणि दार लावून घ्यायला विसरले होते.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब हुशार होते, भुताखेतांचा त्यांना राग होता. ते इंग्रजीत म्हणाले की यंत्राची चूक त्यांना समजते, पण यंत्र "हाजिर" म्हणत नाही. कुणीतरी म्हणालं. एक तर थट्टा, नाहीतर कुणीतरी दुसऱ्याच्या नावावर काम करतो आहे. सोमवारी सगळ्यांचे अंगठे घेऊन बिल्ला-रजिस्टराशी ताडून पाहायचे, आणि ते काम माझं. सापडला तो कामावरून गेला, आणि त्याला साथ देणारेही.

मी टापटिपीची बाई. सोमवारची तयारी म्हणून शनिवारीच जुनं रजिस्टर काढून बसले. पहिल्यांदा बिल्ला देताना प्रत्येकाचा अंगठा त्यात घेतलेला असे. दोनशे चौदा, बुधा झिंगर: अंगठ्यावर तिरकी चीर, बहुतेक विळ्याची, रेघांच्या मधून गेलेली. मग त्या गावच्या, त्या घरातल्या दुसऱ्या कुणाची नोंद आहे का पाहिली. होती. तीनशे सत्याहत्तर, मंगरू झिंगर, बुधाचा धाकटा भाऊ, अपघातानंतर चार महिन्यांनी लागलेला. अंगठ्यावर तिरकी चीर, रेघांच्या मधून गेलेली.

मी भिंग आणलं. भिंगाची गरज नव्हती.

खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी मी रजिस्टर मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसले, जणू ते आपोआप उघडेल.

रविवारी सकाळी तिघं आमच्या घरी आले. पुढे बावनथडे काका, मागे तो तीनशे सत्याहत्तरवाला, त्याच्या मागे त्याची बायको सगुणा. आजोबांनी दार उघडलं, चेहरे पाहिले आणि पिशवी घेऊन बाजाराला गेले. सगुणाला मी ओळखत होते. खाणीच्या वरच्या बाजूला दगड निवडायच्या कामावर होती, नवरा गेल्याबद्दल मिळालेल्या नोकरीवर. वर्षभर तिचं कपाळ कोरं होतं. मग धाकट्या दिरानं तिच्याशी पाट लावला. त्यांच्यात तशी रीत आहे, विधवेला दिरानं पदरात घेण्याची. तीन दिवसांच्या रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. मी तो मंजुरीला पाठवताना त्याला म्हणाले होते, तू चांगलं काम करतो आहेस मंगरू. तो मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, लाजला.

तो खाली बसला. मग बावनथडे काका म्हणाले, "बाई, तुमच्या मशिनीनं याले उठवलं. आता तुमीच निजवा."

मी त्याला एवढंच विचारलं, ओ कशाला दिलीस?

"आदत हो बाई," तो म्हणाला. "बारा वर्सं त्या नावावर हाजिर म्हनलं. मायनं ठेवलेलं नाव. कोनी पुकारलं त तोंडातून निघून गेलं. मंगा समजलं, का आपन त मेलो आहो."

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं, मधले दुवे बावनथडे काकांनी जोडले. त्या पावसाळ्यात बुधाला हिवतापानं धरलं होतं. खाडे फार झाले. कचेरीतून पत्र आलं की आणखी एक दिवस गैरहजर राहिलास तर नाव कमी होईल. पत्र इंग्रजीत होतं. बावनथडे काकांनी तुमसरच्या एका मास्तरांकडून अर्थ समजून घेतला आणि येऊन सांगितला. दुसऱ्या दिवशी ताप चढलेला. धाकटा मंगरू, वीस-बावीसचा, खाणीच्या नोंदीत कुठेच नसलेला, म्हणाला, दादा तू पडून राहा, एक दिवसाचं काय, दुपट्टा बांधला की सगळे सारखेच दिसतात. भावाचा बिल्ला घेतला, भावाच्या नावावर हाजिर म्हणाला, आणि उतरला. दुपारी छत आलं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बिल्ला सापडला. दोनशे चौदा.

खरं सांगितलं असतं तर मंगरूचा खाणीशी काही संबंध नव्हता; त्याच्यासाठी कुणी काही केलं नसतं. आणि दुसऱ्याला पाठवल्याबद्दल बुधाची नोकरी गेली असती, वर पोलीस. बुढी आई, बायको, दोन लेकरं. गावातल्या पाच जणांनी एका रात्रीत ठरवलं. बुधानं मिशी काढली आणि मंगरू झाला. गावाला ठाऊक, पाळीला ठाऊक, लॅम्प रूमला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हाला, कागदवाल्यांना. नऊ वर्षं तो माणूस माझ्या टेबलासमोरून रोज गेला. पण वर येणारा प्रत्येक चेहरा काळा असतो, आणि मी चेहरे पाहतच नव्हते. मी नंबर पाहत होते.

"पाट लावला तवा सारं गाव जेवलं," बावनथडे काका म्हणाले. "हसलं कोनी नाही. मेल्यावर आपल्याच रांडव्या बायकोशी लगन लावनारा हाच एक गडी आहे जिल्ह्यात." सगुणानं पदर तोंडाला लावला. ती हसली की रडली ते मला दिसलं नाही.

मग ती पहिल्यांदा बोलली. "मी तुमाले खोटं नाही बोलली बाई. तुमी इचारलं होतं, मेलेल्याचं नाव सांग. मी सांगतलं का? नवऱ्याचं नाव कोन घेते? तुमीच लिवलं."

मला तो दिवस लख्ख आठवला. टेबलाच्या पलीकडे ही, मागे डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला दीर. मी नाव विचारलं, ती गप्प राहिली, आणि मी समजूतदारपणे मान हलवून स्वतःच टाइप केलं. शिकलेल्या बाईचा समजूतदारपणा.

आणि ते पत्र? आणखी एक दिवस गैरहजर राहिलास तर? ते माझ्याच टाइपरायटरवरचं होतं. खाली सही साहेबांची, पण डाव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. माझी असत. सोमवारी मी जुनी फाईल काढून पाहिली. होती.

रविवारी रात्री मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक जिवंत, एक मेलेला. बेरीज बरोबर आहे. कुठली ओळ कुठली, एवढाच फरक." गणिताचे मास्तर असंच सांत्वन करतात. पण मला आठवलं, आकडा जुळला म्हणून मी चहा प्यायला गेले होते.

सोमवारी अंगठे घ्यायच्या आधी मी साहेबांना लेखी अहवाल दिला. पहिलं पान खरं होतं: दुसऱ्या मशीनवर उतरवताना एक आज्ञा राहून गेली, त्यामुळे खोडलेली नावं यादीत आली, चूक माझी. दुसऱ्या पानावर लिहिलं की दोनशे चौदाच्या नावावर उमटलेला आवाज दोनशे तेरा मारोती सोमाचा होता. त्यानं खोकल्यामुळे दोनदा ओ दिली. मारोती स्वतः येऊन तसं सांगून गेला होता. त्याला कुणी पाठवलं ते मी विचारलं नाही. शेवटी लिहिलं की माणसं भ्यालेली आहेत, अशात सगळ्यांचे अंगठे घेतले तर पुढची पाळीही उतरणार नाही, असं माझं मत आहे.

साहेबांनी दोन्ही पानं वाचली. दुसरं पान पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे थोडा जास्तच वेळ पाहिलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, यंत्रदोष, प्रकरण बंद. दुसरं पान त्यांनी मला परत दिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी खोटं लिहिलं ते एवढंच एक पान. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप त्या पत्राचा आहे, ज्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मी त्या खोलीत परत गेले, तीन शब्दांची आज्ञा लिहिली आणि यादी पुन्हा छापली. या वेळी प्रत्येक नाव बोटानं वाचलं. दोनशे तेरानंतर दोनशे पंधरा. मग ती चिमुकली फाईलही नकलेत घेतली, आणि सातही पाकिटांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दुसऱ्या मशीनवर टाकताना आधी ही, मग नावं. निहार, तुझ्या फोनचंही असंच झालं असेल. फोटो आले, कोणते दाखवायचे नाहीत, हे सांगणारं काहीतरी मागे राहिलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बावनथडे काकांनी मला लॅम्प रूममध्ये बोलावलं. तोपर्यंत कचेरीतल्या कुणालाच बोलावलं नव्हतं. आपण घरी यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावतो ना, तसा तिथे प्रत्येक रिकाम्या हुकाखाली एकेक लावत. दिवस मावळत होता. पाळीवरून आलेली माणसं काळ्या तोंडांनी भिंतीला लागून उभी होती. काका दिवा लावत आणि ज्याचा हुक त्याचं नाव घेत. मेलेल्यांना हाका मारायच्या नसतात म्हणणारे काका, वर्षातून एकदा. उत्तर द्यायचं नाही, एवढी अट.

एकतीस. अठ्ठावन्न. एकशे दोन. मशीनमधली ओळन् ओळ मला पाठ होती. मी मनातल्या मनात एक नाव पुढे जात होते. दोनशे चौदाच्या हुकाखाली काका वाकले, वात पेटली, आणि ते म्हणाले, "मंगरू."

माझ्या शेजारून दोन माणसांपलीकडे तो उभा होता. तीनशे सत्याहत्तर, मंगरू झिंगर. त्या दिवशी सकाळच्या हजेरीतही त्यानं याच नावाला हाजिर म्हटलं होतं. रोज म्हणत होता. आता त्याचे ओठ हलले आणि मिटले. सगळी माणसं समोर पाहत होती, त्या पहाटेसारखीच. दिव्याची ज्योत जरा डावीकडे झुकली. दार बंद होतं. काका पुढच्या हुकाकडे गेले.

माझ्या मशीननं सगळ्या मेलेल्यांना परत आणलं, एकाला सोडून. तो कोणत्याच रजिस्टरात, कोणत्याच फ्लॉपीवर मेलेला नव्हता. तिथे तो जिवंत होता, कामावर होता, वेळेवर येत होता, आणि पुढे यथावकाश वयोमानानुसार निवृत्तही झाला. त्या कागदावर मीच शिक्का मारला.

बुधा आता नाही, सगुणाही नाही. बावनथडे काका त्यांच्याही आधी गेले. मुलं दूर शहरांत आहेत, ती सुखात असोत. त्यांना त्रास नको म्हणून या लेखातली सगळी नावं मी बदलली आहेत, नंबरसुद्धा. एक नाव सोडून. ते कुठेतरी खरं छापलं जायला हवं होतं.

मंगरू.